नकाशावरचे वर्तुळ आणि पायांखालचा चौकोन

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते: 'स्टेशन अवघ्या पाच मिनिटांवर'. ते खोटे असतेच असे नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर अंतर बरोबर निघते, पण माणूस काही पट्टीच्या कडेने चालत नाही. पुढे वर्ष-दोन वर्षांत वसाहतीतले रस्ते गाड्यांनी भरतात आणि 'लोकांना चालायलाच नको' असे म्हणून सगळे मोकळे होतात. मला यात लोकांच्या आळसापेक्षा भूमितीचा दोष जास्त दिसतो, आणि तो पाया खणण्याच्या कितीतरी आधी आराखड्यात शिरलेला असतो.

वाहतूक नियोजनात एक ढोबळ नियम सर्रास वापरतात: बसथांब्यापर्यंत माणूस ४०० मीटर चालायला तयार असतो, रेल्वे स्थानकापर्यंत ८००. मिनिटाला ८० मीटर या चालीने ही पाच आणि दहा मिनिटे झाली. म्हणून थांब्याभोवती ४०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि आतली सगळी घरे बसच्या टप्प्यात आली असे धरायचे. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० हेक्टर भरते.

आता त्यावर रस्ते आखू. समजा, ते एकमेकांना काटकोनात छेदणारे बारीक जाळे आहे आणि थांबा एका चौकात आहे. थांब्याच्याच रस्त्यावर ४०० मीटरवर घर असेल तर ४०० मीटरच चालावे लागते. पण घर तिरक्या दिशेला असेल तर आधी आडवे आणि मग उभे जायचे. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू चालायच्या, कर्णाचा रस्ता बंद! अशा जाळ्यात ४०० मीटर चालून जिथवर पोहोचता येते त्याची हद्द जोडली, तर पत्त्यातल्या चौकटच्या चिन्हासारखा टोकावर उभा चौरस मिळतो. त्याचे दोन्ही कर्ण ८०० मीटरचे. शाळेतले सूत्र आठवा: कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे, म्हणजे ३२ हेक्टर. वर्तुळाच्या ६४ टक्के. त्रिज्या कितीही घ्या, हे गुणोत्तर बदलत नाही. ते नेहमी २ भागिले पाय (π) इतकेच येते.

आणि ही चांगली रस्तेरचना झाली. पुष्कळ वसाहतींत गल्ल्या पुढे बंद असतात, सभोवार भिंत असते आणि फाटक एकच, तेही गाड्यांच्या सोयीच्या बाजूला. थांबा भिंतीपलीकडे दिसत असतो, पण तिथे जायला अख्ख्या वसाहतीला वळसा. प्रत्यक्ष चालण्याचे अंतर सरळ रेषेतल्या अंतराच्या किती पट, याला वळशाचा गुणांक म्हणू. जाळीदार रस्त्यांत सगळ्या दिशांची सरासरी काढली तर तो १.२७ येतो आणि फार तर १.४१. बंद गल्ल्यांच्या वसाहतीत तो २ झाला असे समजा. अंतर दुप्पट झाले, पण क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणून टप्प्यातली जमीन एकदम पाव होते: ५० हेक्टरांतले साडेबाराच उरतात.

माझा सर्वांत आवडता भाग याच्या उलट दिशेचा आहे. त्याच जाळ्यात ४५ अंशांच्या तिरक्या पायवाटा टाका. आता चालायला चारऐवजी आठ दिशा मिळतात आणि चौरसाचा नियमित अष्टकोन होतो. त्याचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या २.८३ पट, म्हणजे ४५ हेक्टर, वर्तुळाच्या ९० टक्के. (वाटा ६० अंशांवर आखल्या तर षट्कोन आणि ८३ टक्के.) दिशा वाढवत नेल्या की बहुभुज वर्तुळाकडे सरकतो, पण आठानंतर पदरात फारसे पडत नाही. एकही घर न हलवता ३२ चे ४५ हेक्टर!

मात्र याच वाटा मोटारींनाही खुल्या केल्या तर हा फायदा त्यांच्याही पदरात पडतो. नेदरलँड्समधल्या हाउटेन शहराने ही मेख ओळखली. तिथे सायकलवाला गावातून सरळ जातो. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याला लागावे लागते. वळसा कुणाला द्यायचा, हे तिथे आधीच ठरवले आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या फाउबान वस्तीत मोटारी वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात ठेवतात, त्यामुळे आपली गाडी गाठायलाही थांब्यासारखे चालावे लागते.

टप्प्यातल्या जमिनीचा संबंध थेट बसच्या वेळापत्रकाशी आहे. हेक्टरी ५० घरे धरली तर ३२ हेक्टरांत १६०० घरे येतात, साडेबारात सव्वासहाशे. घरे कमी म्हणून प्रवासी कमी, म्हणून फेऱ्या कमी. दर दहा मिनिटांनी बस असेल तर घड्याळ न बघता निघालेल्याला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते, अर्ध्या तासाने असेल तर पंधरा. मग उरलेलेही गाडी घेतात. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये याची सुलट बाजू मांडली: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवणे परवडते आणि थांबण्याचा वेळ सगळ्यांचाच कमी होतो. भरलेल्या रस्त्यावर नेमके उलटे घडते, तिथे नवा येणारा प्रत्येक जण आधीच्यांना उशीर करतो. म्हणून वसाहतीत गल्लोगल्ली फिरणाऱ्या तीन रिकाम्या बसमार्गांपेक्षा सरळ जाणारा एकच दाट फेऱ्यांचा मार्ग बरा.

'आमच्या वसाहतीत प्रत्येक गाडीला चार्जर, म्हणजे आम्ही हरित' हा दावा हल्ली फार ऐकू येतो. धूर कमी होईल, मान्य. पण विजेची गाडी उभी करायला जागा तेवढीच लागते, आणि त्या जागेने घरे एकमेकांपासून नि थांब्यापासून तितकीच लांब जातात.

राहिला वेळेचा प्रश्न. बास व्हरप्लँकन आणि डेबोरा रॉय यांनी ब्रिटनमधल्या पीटरबरो भागात ८०० जणांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यावरणपूरक सवयी लावण्याचा प्रयत्न नुकतेच घर बदललेल्यांवर अधिक परिणामकारक ठरला, आणि ही संधी साधारण तीन महिन्यांची निघाली. त्यानंतर नव्या घरातले दिनक्रमही पक्के होतात. तेव्हा 'आधी लोक राहायला येऊ देत, मग बस बघू' हा क्रम उलटा आहे. पहिल्या कुटुंबाचे सामान उतरते त्या दिवशी बस धावती हवी, भले पहिली काही वर्षे तोट्यात. तो खर्च पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांसारखा प्रकल्पातच धरायचा. तिरक्या वाटांची पट्टी तर त्याही आधी, भूखंड विकण्यापूर्वीच नकाशात राखून ठेवावी लागते. एकदा भूखंड विकले गेले की दोन-तीन मीटर रुंदीच्या वाटेसाठीसुद्धा दोन्हीकडच्या मालकांची संमती लागते.