किलोवॅट वेगळं आणि युनिट वेगळं, ईव्ही घेण्याआधी लाईट बिल काढून बसा

गुढीपाडव्याला इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) घरी आणली, खळ्यात लावली, आईने ओवाळलं, आणि संध्याकाळी पडवीतल्या पॉवर प्लगला चार्जर लावायला गेलो तर काका लाईट बिल घेऊन दारात उभे. "किती किलोवॅटची म्हणालास गाडी? चोवीस ना? आणि हे बघ, बिलावर मंजूर भार २ किलोवॅट लिहिलाय. वाडीची डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडवशील, थांब जरा." काका आयुष्यभर लाईट बिल नीट वाचणारे, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतंच. शोरूमपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळे "चोवीस किलोवॅटची गाडी" असंच बोलतात, पुढचं 'अवर' कोणी म्हणतच नाही, आणि ते गाळलं की अर्थ पार बदलतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या रत्नागिरीजवळच्या पावस बाजूला ज्यांनी ज्यांनी मला ईव्हीबद्दल विचारलं त्यातल्या बहुतेकांचा गोंधळ इथेच होता, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

तर दोन्ही गोष्टी त्याच बिलावर असतात. मंजूर भार किलोवॅटमध्ये, म्हणजे एका वेळी तुम्ही किती जोरात वीज ओढू शकता. आणि महिन्याचा वापर युनिटमध्ये, म्हणजे एकूण किती वीज घेतली. १ युनिट म्हणजेच १ किलोवॅट-अवर. विहिरीवरचा १ एचपीचा पंप साधारण पाऊण किलोवॅटचा, तो सव्वा तासाच्या आसपास चालला की एक युनिट पडतं. बाथरूममधला २ किलोवॅटचा गिझर तेच एक युनिट अर्ध्या तासात खातो. मीटरवर युनिट दोघांचं सारखंच, पण वायर तापते ती गिझरने, पंपाने नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

आता गाडीचे आकडे बघा. टाटाच्या टियागो ईव्हीचं मोठ्या बॅटरीचं मॉडेल घ्या. बॅटरी २४ किलोवॅट-अवर, मोटर ५५ किलोवॅट, आणि घरी चार्ज करायला ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा पर्याय. पहिला आकडा साठ्याचा, म्हणजे टाकीत २४ युनिटं मावतात. दुसरा गाडी पळण्याच्या जोराचा, त्याचा तुमच्या मीटरशी काडीचाही संबंध नाही. घराच्या वायरिंगला, एमसीबीला (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि मंजूर भाराला भिडतो तो फक्त तिसरा. म्हणजे डीपीवर २४ किलोवॅट पडणार नव्हतेच, पडणार होते साधारण तीन.

पण काका अर्धे बरोबर होते हे सांगायलाच हवं. मंजूर भार २ आणि चार्जर एकटाच ३, वर फ्रिज, पंखे, पंप. मग दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात जाऊन भार वाढवायचा अर्ज केला, पडवीपर्यंत वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी घातला, आणि तोपर्यंत गाडी चार्जिंगला असताना पंप लावायचा नाही असा घरात नियम केला. ज्यांना ७.२ वाला हवाय त्यांनी हिशोब करा, २३० व्होल्टला तो जवळपास ३२ अँपिअर ओढतो, आणि त्यावर घरचा लोड आला की सिंगल फेजवर ओढाताण होते, थ्री फेजचा विचार करावा लागतो. आणि खरं सांगू, घरी रात्रभर गाडी उभीच असते, रोजचं रत्नागिरी ये-जा पन्नास-साठ किलोमीटर, त्याला सात-आठ युनिटं लागतात, ती ३ किलोवॅटवर तीन तासांत भरतात. ७.२ च्या मागे लागून वायरिंगवर पैसे घालायची गरज आमच्यासारख्याला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसाला दीडशे किलोमीटर टूरिस्ट गाडी मारणाऱ्याची गोष्ट वेगळी.

वायरिंगवरून आठवलं, अर्थिंग. आमचं घर कातळावर. पहिल्या वायरमनने पाईप कातळात जेमतेम दोन फूट ठोकून वर सिमेंट फासलं होतं. मे महिन्यात जमीन कोरडी ठाक, आणि एका रात्री चार्जरवर लाल दिवा, गाडी चार्जच होईना. पंप, फ्रिज, मिक्सर सगळं वर्षानुवर्षं त्याच अर्थिंगवर चाललं होतं, गाडीने मात्र ते पकडलं. शेवटी न्हाणीघराचं पाणी जिथे माडाच्या मुळाशी जातं तिथे मातीत खड्डा मारून, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं, तेव्हापासून त्रास नाही. कातळावर घर असेल त्यांनी गाडी यायच्या आधीच हे तपासून घ्या.

गणपतीत हा किलोवॅट-युनिटचा फरक अगदी डोळ्यासमोर दिसतो. एरवी आमच्या वाडीत अर्धी घरं बंद. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे चाकरमानी येतात, प्रत्येक घरात पंखे, फ्रिज, मखराची रोषणाई, मिक्सर, दिवसभर पंप, आणि व्होल्टेज उतरतं. डोंबिवलीहून मामा त्यांची ईव्ही घेऊन आले होते, पोचले तेव्हा १४ टक्के. रात्री आरती झाल्यावर गाडी लावली तर स्क्रीनवर २.२ किलोवॅट दाखवत होती, मामा म्हणाले "चार्जर बिघडला वाटतं रे." मी मल्टीमीटर लावला, व्होल्टेज १८० च्या खालीवर. अँपिअर तेवढेच, व्होल्टेज कमी, त्यामुळे गुणाकार कमी, एवढंच. पहाटे चारला उठलो तेव्हा वाडी झोपलेली, स्क्रीनवर २.९. गाडीला लागणारी युनिटं तेवढीच, वीस-एकवीस, फक्त सात तासांऐवजी आठ-नऊ तास गेले. बिलात त्याने काही वाढ नाही, कारण बिल युनिटचं. (मीटरवर मात्र गाडीच्या स्क्रीनपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त युनिटं दिसतात, चार्ज होताना तेवढी उष्णतेत जातात, तो बिघाड नाही.)

हायवेवरच्या फास्ट चार्जरला याच्या उलट गोंधळ. बोर्डवर ६० किलोवॅट लिहिलंय, माझ्या गाडीत २४ मावतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत फुल? नाही होत. ६० हा चार्जरचा जास्तीत जास्त जोर, गाडी घेते तिला झेपतं तेवढंच, आणि लहान बॅटरीच्या गाड्या त्याच्या बऱ्याच खाली घेतात. १० ते ८० टक्के म्हणजे जवळपास १७ युनिटं, त्याला लहान गाडी तासभर घेते, म्हणजे सरासरी जोर सतरा-अठरा किलोवॅटच पडला. त्यात दोन गनवाल्या (गाडीला लावायच्या दोन केबलच्या) मशीनवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी जोर दोघांत वाटला जातो. आणि ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरी स्वतःच जोर कमी करत जाते, म्हणून सणासुदीला मागे रांग असताना १०० टक्क्यांसाठी अडून बसू नका, ८० ला गन काढा, पुढे गाठा. पैसे युनिटचे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे चार्जर हळू चालला म्हणून युनिटांचं बिल वाढत नाही, वेळ तेवढा जातो.

पावसात लाईट जाते तेव्हा हमखास येणारा प्रश्न, इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होईल का? साठा आणि जोर, दोन्ही बाजूंनी नाही. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर), १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, पूर्ण ओतली तरी गाडी दहा-बारा किलोमीटर जाईल. आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर पाऊण किलोवॅटसुद्धा धड देत नाही, तो ३ किलोवॅटचा चार्जर उचलणारच नाही. सोलरवाले ३ किलोवॅटचं पॅनल सांगतात तोही जोरच, भर दुपारचा. दिवसाची युनिटं उन्हाळ्यात बारा-तेरा धरा, आषाढात त्याच्या निम्मीही मिळतील असं समजू नका.

घाटाचं सांगतो, कारण त्याची भीती सगळ्यात जास्त. कोल्हापूरला अंबाबाईला जाताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला की स्क्रीनवर ३०-४० किलोवॅट दिसायला लागतात आणि माणूस घाबरतो, संपली बॅटरी. अहो तो त्या क्षणाचा जोर आहे. माणसं-सामान धरून १६०० किलोची गाडी १०० मीटर वर न्यायला ०.४४ युनिट लागतं, म्हणजे ५०० मीटरच्या चढाला सव्वादोन, वर थोडी तूट आणि रस्त्याचं नेहमीचं. २४ मधली तीन-चार युनिटं गेली म्हणा. येताना त्यातली काही रिजनमध्ये (उतारावर मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते) परत येतात, उतारावर आकडा उणे दिसतो तो हाच. फक्त घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर तिथे १०० टक्के भरून निघू नका, भरलेल्या बॅटरीला परत येणारी वीज घ्यायला जागाच नसते, मग रिजन लागत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, तोही पावसाळ्यात, धुक्यात. आम्ही माथ्यावरून ८५ वर निघतो.

काका आता रोज सकाळी चहा घेऊन पडवीत येतात आणि मीटर बघून सांगतात, "काल सात पडली." किलोवॅट नाही म्हणत, युनिटं म्हणतात.