अमेरिकी सत्तेचा परमोत्कर्ष

अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे राष्ट्र नेमके कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत जगात सर्वाधिक प्रबळ होते, हा इतिहासकार आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक यांच्यातील जुना वाद. बहुतेक मांडण्यांत हॅरी ट्रूमन (कारकीर्द १९४५–५३), ड्वाइट आयझेनहॉवर (१९५३–६१) आणि थोरले जॉर्ज बुश (१९८९–९३) ही नावे पुढे येतात. बुश यांना जोडूनच बिल क्लिंटन (१९९३–२००१) यांचाही विचार होतो.

वाद मिटत नाही, कारण ‘सत्ता’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. पाटलाची जमीन किती हे सातबाऱ्यावर दिसते. पंचायतीत त्याचा शब्द किती चालतो हे सातबाऱ्यावर नसते. पहिल्याला बळ म्हणावे, दुसऱ्याला वचक. कारखाने, सोने, जहाजे, अणुबाँब हे बळ मोजता येते. वचक मोजायचा तर एखाद्या पेचप्रसंगात कोण कोणापुढे नमले आणि खर्चाचा भार कोणी उचलला, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या बाबतीत या दोहोंचे शिखर एकाच कारकिर्दीत आले नाही.

ट्रूमन : दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनी आणि जपान बेचिराख झाले होते, ब्रिटन कर्जात बुडाले होते आणि सोव्हिएत संघाने कोट्यवधी माणसे गमावली होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील एकाही शहरावर हवाई बाँबहल्ला झाला नव्हता. जगातील कारखानदारीच्या उत्पादनाचा जवळजवळ निम्मा भाग तिचा होता, तेलाचा निम्म्याहून अधिक. युद्धोत्तर चार वर्षांत तिचा सोन्याचा साठा २० हजार टनांच्या वर गेला. जगातील सरकारी तिजोऱ्यांमधील सोन्याचा हा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा होता. अणुबाँब फक्त तिच्याकडे होता. पहिल्या क्रमांकाच्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या राष्ट्रांत एवढे अंतर आधुनिक काळात क्वचितच पडले असेल. निव्वळ बळाची मोजणी करणारे अभ्यासक त्यामुळे १९४५–४९ या काळावर बोट ठेवतात, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत.

या बळाला आर्थिक चौकट मिळाली ती ट्रूमन यांच्या आधी, रूझवेल्ट यांच्या अखेरच्या काळात. जुलै १९४४ मध्ये न्यू हॅम्पशर राज्यातील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. ३५ डॉलरला एक औंस सोने आणि बाकीची चलने डॉलरला बांधलेली, अशी व्यवस्था ठरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तेथेच घातला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी जन्मलेल्या या अर्थतज्ज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना मुख्य चिंता होती ती युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या हिंदुस्थानच्या पौंडांची. परिषदेने तो प्रश्न हाती घेतला नाही. पुढे सोव्हिएत संघाने नाणेनिधीत येण्याचे नाकारल्यामुळे पहिल्या पाच मोठ्या हिश्शांत भारताचा समावेश झाला आणि कार्यकारी मंडळावर निवडणुकीविना जागा मिळाली.

तरीही १९४५–४९ चे चित्र दिसते तेवढे एकरंगी नाही. जानेवारी १९४६ मध्ये मनिलात हजारो अमेरिकी सैनिक ‘आम्हाला घरी पाठवा’ म्हणत रस्त्यावर उतरले. युद्धाच्या अखेरीस सुमारे १ कोटी २० लाख असलेले सैन्य १९४७ पर्यंत १५ लाखांवर आले. ज्या अणुबाँबच्या जोरावर सगळा दरारा होता ते त्या सुमारास जेमतेम डझनभर, आणि तेही जोडून तयार ठेवलेले नव्हते. मॉस्कोला याची पुरती कल्पना नसावी, पण तिने आपली पावले फारशी मागेही घेतली नाहीत. पोलंड, हंगेरी, रुमानिया आणि १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया हे देश कम्युनिस्ट सत्तेखाली गेले आणि ट्रूमन ते रोखू शकले नाहीत.

याच काळाची खरी कमाई वेगळ्या ठिकाणी आहे. ५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी मांडलेल्या योजनेतून पुढील चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपात गेले. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग तोडले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांनी वीस लाखांहून अधिक वस्तीचे ते शहर जवळजवळ अकरा महिने विमानांवर जगवले. वाहून नेलेल्या मालात सर्वाधिक वजन कोळशाचे होते. १६ एप्रिल १९४९ रोजी, ईस्टरच्या सणात, चोवीस तासांत १,३९८ उड्डाणे झाली आणि सुमारे १३ हजार टन माल उतरला. दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे जवळजवळ मिनिटाला एक विमान. त्यानंतर महिनाभरातच नाकेबंदी उठली. एकही गोळी न झाडता मिळवलेला हा विजय ट्रूमन यांच्या बाजूने मांडण्यासारखा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तो काळ संपला तोही हवेतूनच. ३ सप्टेंबर १९४९ रोजी कामचाटकाजवळून उडणाऱ्या अमेरिकी हवामान-टेहळणी विमानातील गाळणकागदावर किरणोत्सारी कण सापडले. सोव्हिएत संघाने २९ ऑगस्टला सेमीपालातिन्स्क येथे अणुचाचणी केली होती. १ ऑक्टोबरला पेकिंगमध्ये माओंनी लोकप्रजासत्ताक घोषित केले. पुढच्या वर्षी कोरियात युद्ध पेटले, चिनी सैन्याने अमेरिकी फौजांना चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या परिसरातून मागे रेटले आणि ३६ हजारांवर अमेरिकी सैनिक मरूनही सरहद्द जवळपास होती तेथेच राहिली. फेब्रुवारी १९५२ मध्ये ट्रूमन यांच्या कामावर समाधानी असलेले अमेरिकी नागरिक जेमतेम २२ टक्के होते.

आयझेनहॉवर : या कारकिर्दीची बाजू घेणारे म्हणतात की शस्त्रबळ, पैसा आणि घरातली स्वस्थता या तिन्ही गोष्टी एकत्र याच आठ वर्षांत होत्या. अण्वस्त्रे सुमारे एक हजारावरून वीस हजारांच्या आसपास पोहोचली. महामार्गांचे जाळे विणायला १९५६ मध्ये सुरुवात झाली. १९६० मध्येही जगाच्या एकूण उत्पन्नात अमेरिकेचा वाटा सुमारे ४० टक्के होता.

या सत्तेचा आवाका आणि तिची कुंपणे एकाच आठवड्यात पाहायला मिळाली. ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस इस्रायलने, आणि पाठोपाठ ब्रिटन व फ्रान्सने, सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. आयझेनहॉवर यांना विचारलेही नव्हते. त्यांनी लंडनवर एकही जहाज धाडले नाही. पौंडाची घसरण चालू राहू दिली आणि सैन्य मागे घेतल्याशिवाय नाणेनिधीतून मदत मिळणार नाही, असे स्पष्ट केले. ब्रिटन नमले, आणि जानेवारीत पंतप्रधान अँथनी ईडन यांनी राजीनामा दिला. मित्राला एवढ्या निगुतीने नमवल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. पण त्याच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरियन बंडखोर मदतीची वाट पाहत राहिले. मित्रावर वचक होता, शत्रूवर नव्हता. वर्षभरात, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकी शाळांतील गणिताच्या अभ्यासक्रमापासून सगळ्याची झाडाझडती सुरू झाली.

भारतीय शेतकऱ्याला आणि रेशनच्या रांगेतल्या माणसाला ही सत्ता दिसली ती धान्याच्या रूपाने. १९५४ च्या पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या कायद्याखाली भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुढे लिंडन जॉन्सन यांनी हाच गहू दबावासाठी वापरला. १९६५–६७ च्या टंचाईत ते एकेक महिन्याच्या हिशेबाने जहाजे सोडत, आणि भारताने व्हिएतनाम युद्धावर टीका केली की वाशिंग्टनमध्ये कपाळाला आठ्या पडत. एकट्या १९६६ मध्ये भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले, त्यात मोठा वाटा अमेरिकेचा होता. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाची आठवण निघाली की रेशनवरच्या तांबड्या मिलोचे (अमेरिकी ज्वारीचे) नाव अजूनही निघते. गाजर गवत अमेरिकी गव्हाबरोबर आले आणि म्हणूनच त्याला ‘काँग्रेस’ नाव पडले, असे लोक सांगतात. तारखा मात्र नीट जुळत नाहीत : पुण्यात उकिरड्यांवर हे तण पीएल-४८० करार होण्याच्या सुमारासच दिसले होते, करारानंतर गहू येऊन पसरण्याइतका अवधी मध्ये नाही. १९५१ मध्ये अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता, त्यातून ते आले असणे शक्य आहे. दात्याच्या मदतीला तणाचे नाव चिकटावे, हा वचकाचा उलटा हिशेब.

जॉन्सन ते रेगन : क्यूबाच्या क्षेपणास्त्र-पेचातून (ऑक्टोबर १९६२) केनेडी सावरले तेव्हा अण्वस्त्रांत अमेरिका सोव्हिएत संघाच्या कितीतरी पुढे होती. त्यानंतर उतार लागला. व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर सैन्य उतरवूनही जिंकता आले नाही आणि ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक गेले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि ब्रेटन वुड्सची मूळ व्यवस्था संपली. त्याच वर्षी डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे धाडलेली ‘एंटरप्राइज’ विमानवाहू नौका ढाक्याची शरणागती थोपवू शकली नाही. रेगन यांची गणना लोकप्रिय लेखनात उत्कर्षकाळात होते, पण ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरूतच्या तळावर २४१ अमेरिकी जवान मारले गेल्यावर त्यांनी चार महिन्यांत तेथून काढता पाय घेतला, आणि प्रतिस्पर्धी महासत्ता त्यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत उभी होती.

थोरले बुश : वचकाच्या मापाने पाहिले तर शिखर येथे आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. बुश यांनी विजयाचा गाजावाजा केला नाही, सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह यांना खाली पाहायला लावले नाही. त्याचे फळ म्हणजे ३ ऑक्टोबर १९९० रोजी एक झालेला जर्मनी नाटोतच राहिला, आणि तेही मॉस्कोच्या संमतीने. ट्रूमन यांना मिनिटाला एक विमान उडवून अर्धे शहर राखावे लागले होते. बुश यांना सगळा देश टेबलावर मिळाला.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला. २९ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेत बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव १२ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. सोव्हिएत संघाने बाजूने मत दिले, चीन तटस्थ राहिला. विरोध क्यूबा आणि येमेन यांचा. येमेनच्या राजदूताचा हात खाली येतो न येतो तोच, हे मत तुम्हाला फार महाग पडेल, असे एका अमेरिकी मुत्सद्द्याने त्याला ऐकवल्याचे सांगतात. येमेनची अमेरिकी मदत थोड्याच दिवसांत बंद झाली. जानेवारीत सुरू झालेली लढाई २८ फेब्रुवारी १९९१ रोजी थांबली, जमिनीवरचे युद्ध तर शंभर तासांचे. सुमारे ६१ अब्ज डॉलर खर्चापैकी ५० अब्जांहून अधिक रक्कम सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी आदींनी भरली. फौज आपली आणि बिल दुसऱ्याचे, हे ट्रूमन यांना जमले नव्हते, आयझेनहॉवर यांनाही नाही.

अलिप्ततेचा पुरस्कर्ता भारतही या लाटेतून सुटला नाही. आखातात जाणाऱ्या अमेरिकी लष्करी वाहतूक विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू देण्याची मुभा चंद्रशेखर सरकारने दिली. बातमी फुटल्यावर काँग्रेसने ओरड केली आणि फेब्रुवारीत ती मुभा संपली. आखाती युद्धाने तेल महागले, परकीय गंगाजळी आटली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गेले, तारण म्हणून. कर्ज मागायला जायचे दार नाणेनिधीचेच होते, देशमुखांनी उभे राहताना पाहिलेले.

या मताविरुद्धचा आक्षेप दमदार आहे. बुश यांच्या काळात जगाच्या उत्पन्नातील अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता, १९४५ च्या तुलनेत कितीतरी कमी. घरात मंदी होती आणि अंदाजपत्रकात मोठी तूट. युद्धानंतर त्यांच्यावर खूश असलेले मतदार ८९ टक्क्यांपर्यंत गेले आणि सुमारे वीस महिन्यांनी निवडणुकीत त्यांना जेमतेम ३७ टक्के मते पडली. बाहेर वचक आणि घरी पराभव हे एकाच वेळी शक्य असते, एवढेच यातून दिसते. सातबारा लहान झाला होता, पंचायतीतले प्रतिस्पर्धी मात्र उठून गेले होते.

क्लिंटन : १९९८ ते २००१ सलग चार वर्षे अंदाजपत्रकात शिल्लक, २००० मध्ये बेकारी ४ टक्क्यांच्या आसपास, आणि संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या केवळ तीन टक्के खर्च. एवढ्या स्वस्तात एवढी सत्ता कोणालाच मिळाली नव्हती. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ह्युबेर वेद्रीन यांना ‘महासत्ता’ हा शब्द अपुरा वाटून त्यांनी ‘अतिसत्ता’ अशा अर्थाचा नवा शब्द रूढ केला. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणक बिघडण्याच्या भीतीच्या, धामधुमीत पुण्या-मुंबईच्या घराघरांतून एच-वन-बी व्हिसाची कागदपत्रे जमू लागली ती याच काळात. ४ जुलै १९९९ रोजी कारगिल प्रकरणी क्लिंटन यांनी नवाझ शरीफ यांना वाशिंग्टनमध्ये बसवून फौज मागे घेण्याचे कबूल करून घेतले. परंतु मोगादिशूत ऑक्टोबर १९९३ मध्ये १८ सैनिक पडताच माघार, रवांडात निष्क्रियता आणि मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांची आधी कुणकुणही नाही, हेही याच खात्यावर जमा आहे. बुश यांनी हाती दिलेला वचक क्लिंटन यांनी बव्हंशी खर्चला. नवा फारसा कमावला नाही.

२००१ नंतरच्या कारकिर्दींना उत्कर्षकाळ मानणारे अभ्यासक थोडे. इराक युद्धाने (२००३) मित्र दुरावले आणि २००८ च्या वित्तसंकटाने पत घटली. तरी त्याच २००८ च्या सप्टेंबरमध्ये धाकट्या बुश यांनी अणुपुरवठादार गटातील ४५ देशांकडून भारतासाठी अणुव्यापाराच्या नियमांत अपवाद मंजूर करवून घेतला. त्या गटात एकमताशिवाय काहीच होत नाही आणि चीनही त्यात होता. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना आजही ८५ टक्के मतांची गरज लागते. अमेरिकेची मते सुमारे साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे तिच्या होकाराशिवाय असा निर्णय होऊ शकत नाही.