अंबाझरीचा पूर लाव्हा गावाच्या टेकड्यांपासून मोजायला हवा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, डागा लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं, माणसं दगावली. त्यानंतर सगळी चर्चा झाली ती तलावाच्या खालच्या बाजूची: सांडवा, नाग नदीचं अरुंद पात्र, अतिक्रमणं. ती व्हायलाच हवी. पण तलावात पाणी येतं ते वरून.

नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते. तिथून वाडी शहराच्या बाजूने उतरणारं पाणी अंबाझरीत जमा होतं. हा सगळा उतार म्हणजे तलावाचं पाणलोट क्षेत्र. तिथे शेतं आणि पडीक माळ होते. आता लेआउट पडले, गोदामं आली, सिमेंटचे रस्ते झाले.

एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. स्लॅब आणि सिमेंटवरून त्यातलं बहुतेक सगळं लगेच वाहून जातं. शेतात काय होतं, हे मात्र महिन्यावर अवलंबून असतं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि जूनचा पाऊस त्या गटागटा पितात. सप्टेंबरपर्यंत तीच माती फुगून भेगा बुजवते, आणि मग तिच्यात पाणी फारच हळू मुरतं. तेव्हा त्या रात्रीचा पाऊस शेतांनीही पूर्ण जिरवला नसता, हे प्रामाणिकपणे मानलं पाहिजे. फरक पडतो तो वेगात. धुरे म्हणजे शेतांचे बांध, गवत, वेडेवाकडे ओघळ पाणी अडवत अडवत सोडतात. पक्क्या नाल्या सगळीकडचं पाणी एकाच वेळी तलावावर आणून टाकतात. पुराची उंची ठरते ती या एकाच वेळी येण्याने.

मध्यम सरींत तर नुकसान दुहेरी. पश्चिम नागपूरखाली बेसाल्टचा कठीण काळा खडक आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. तिथे जुलैत जे मुरलं नाही, ते एप्रिलमध्ये विहिरीत नसतं.

पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. आधी टेकड्यांवर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) आणि गवत, मग ओघळींवर छोटे बांध, शेवटी तलाव आणि नदी. आपण उलटं, नदी साफ करण्यापासून सुरुवात करतो. अडचण हद्दींचीही आहे. महापालिका, वाडी नगर परिषद, ग्रामपंचायती, महानगर प्राधिकरण यांच्या रेषा कागदावरच्या; पाणी उताराने जातं.

ज्ञानाची तर वाण नाही. मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, उपग्रह चित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही इथेच. त्यांच्या नकाशांवर संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा एकच आराखडा करता येईल आणि तो या सगळ्यांवर बंधनकारक ठेवता येईल. जमीन अकृषक करताना लेआउटवाल्याला दोनच आकडे मागावेत: या जागेवरून जोरदार पावसात तासाला आधी किती पाणी निघत होतं, आणि बांधकामानंतर किती निघेल. जास्तीचं पाणी काही तास थांबवायला बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, किंवा खोलगट मैदानाची जागा नकाशात नसेल, तर मंजुरी देऊ नये.