लघुग्रहाचे नामकरण: अर्ज कोणाला करता येतो आणि त्यासाठी काय लागते

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील ३००१२८ क्रमांकाच्या लघुग्रहाला सप्टेंबर २०१९ मध्ये पंडित जसराज यांचे नाव देण्यात आले. आपल्या आदरणीय व्यक्तीचे नाव असेच आकाशात जावे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी ही प्रक्रिया आधी नीट समजून घ्यावी.

नाव सुचवण्याचा अधिकार शोधकर्त्याचा असतो. इतर कोणालाही थेट अर्ज करता येत नाही. शोधकर्त्याला विनंती करून त्याच्यामार्फतच प्रस्ताव पाठवावा लागतो. पंडितजींच्या नावाचा हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथून टिपला गेला आणि त्याला ‘२००६ व्हीपी३२’ ही तात्पुरती संज्ञा मिळाली. यातील ‘व्ही’ हे अक्षर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा दाखवते, तर ‘पी३२’ म्हणजे त्या पंधरवड्यातील ८१५ वी नोंद. पुढे अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून कक्षा पक्की ठरली की मायनर प्लॅनेट सेंटर ही लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था कायम क्रमांक देते, आणि तेव्हापासून शोधकर्त्याला नाव सुचवण्यासाठी दहा वर्षांची मुदत मिळते. क्रमांक नसलेल्या लघुग्रहाचे नामकरण होत नाही, हे शोधमोहिमांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

कागदपत्रे फारशी लागत नाहीत. प्रस्तावित नाव आणि ते का द्यावे हे सांगणारा, नेमक्या शब्दांतला छोटा परिचय पुरतो. नाव मात्र सोळा अक्षरचिन्हांच्या आत, उच्चारता येण्याजोगे, शक्यतो एका शब्दाचे आणि आधीच्या नावांशी गल्लत न होणारे असावे लागते. म्हणूनच रोमन लिपीत ‘पंडितजसराज’ हे जोडून लिहिले आहे. राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या निधनानंतर शंभर वर्षे उलटल्याशिवाय देता येत नाही. पाळीव प्राण्यांच्या नावांना प्रोत्साहन मिळत नाही आणि व्यापारी स्वरूपाची नावे तर नाकारलीच जातात.

३००१२८ हा आकडा वर्ष, महिना, दिवस असा वाचला तर पंडितजींची जन्मतारीख, २८ जानेवारी १९३०, समोर येते. असा क्रमांक मागून मिळत नाही. अनुरूप क्रमांकाचा, अजून नाव न मिळालेला लघुग्रह शोधावा लागतो.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा लघुपिंड नामकरण कार्यगट प्रस्तावावर निर्णय घेतो. यासाठी शुल्क नसते, त्यामुळे पैसे घेऊन नाव देणाऱ्या खासगी प्रमाणपत्रांना कोणतीही मान्यता नाही. २०२१ पासून मंजूर नावे कार्यगटाच्या स्वतंत्र पत्रिकेत प्रसिद्ध होतात, आणि त्या प्रसिद्धीनंतरच नाव अधिकृत धरले जाते.