आत्या कशाने गेली होती?

बीजांडकोशाच्या कर्करोगाचं निदान झालं की डॉक्टर पोटाबद्दलचे प्रश्न संपवून घराण्याकडे वळतात. आई कशाने गेली? मावशी? आत्या? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. "पोटात पाणी झालं होतं तिच्या." "पोटाचंच काहीतरी होतं, तेव्हा कोण तपासत होतं?" आत्याचं नाव निघालं की, "ती वडिलांकडची हो," म्हणून विषय मिटतो.

पोटात पाणी यकृत बिघडल्यानेही होतं आणि क्षयानेही. पण पन्नाशी-साठीतल्या बाईच्या बाबतीत बीजांडकोशाची शंका घ्यावीच लागते. या कर्करोगाच्या पेशी रक्तातून दूर जाण्याआधी पोटातल्या पोटातच सांडतात. आतड्यांवरच्या पातळ पडद्यावर आणि चरबीच्या पदरावर त्या रुजतात. तिथल्या रक्तवाहिन्या त्यांच्यामुळे पाझरू लागतात, आणि पाण्याचा निचरा करणाऱ्या वाटा तुंबतात. पोट फुगतं, पण बाईला वाटतं गॅस झाला. चार घास खाल्ले की पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं, परकराची नाडी नेहमीच्या गाठीला पुरत नाही. आधी ओवा, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग "वजन वाढलंय तुझं" असा घरच्यांचा शेरा, यात महिने जातात.

डीएनएच्या रचनेचा उलगडा ज्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांमुळे सोपा झाला, त्या रोझलिंड फ्रँकलिन यांचंही असंच झालं. १९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पोट वाढल्याने त्यांना स्कर्ट बसेना. लंडनला परतल्यावर शस्त्रक्रिया झाली, पोटात गाठी निघाल्या. पुढचं दीड वर्ष त्या उपचार घेत विषाणूंच्या रचनेवर काम करत राहिल्या आणि १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी गेल्या.

हा रोग लवकर पकडणारी चाचणी आजही नाही. गर्भाशयाच्या मुखासाठी पॅप चाचणी आहे, स्तनासाठी मॅमोग्राफी आहे, इथे तसं काहीच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षं सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. "वर्षातून एकदा सीए करून घ्या" असं सांगणाऱ्या चकचकीत आरोग्य पॅकेजांना हे कोणी सांगत नाही. सीए-१२५ पाळीत, गरोदरपणात आणि पोटाच्या क्षयातही वाढतं.

गंमत म्हणजे या रोगाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार बीजांडकोशात सुरूच होत नसावा. २००१ मध्ये डच संशोधकांना, आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या गर्भनलिकांमध्ये कर्करोगाची पूर्वावस्था दिसली. नलिकेच्या टोकाला झालर असते, बीजांड टिपून घेणारी. सुरुवात बहुधा त्या झालरीत होते आणि पेशी शेजारच्या बीजांडकोशावर पडतात. म्हणून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून, दुसऱ्या कारणाने गर्भाशय काढताना किंवा नसबंदी करताना नलिका पूर्ण काढण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. आपल्याकडे "माझी पिशवी काढलीय, आता तिथे काय होणार?" असं म्हणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पिशवी काढली तरी बीजांडकोश आत असू शकतात. ऑपरेशनच्या जुन्या कागदावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, तो कागद शोधावा.

उपचारांचा साचा ठरलेला आहे: मोठी शस्त्रक्रिया आणि केमो, साधारण दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा. प्लॅटिनम असलेलं औषध त्यात असतंच. विदर्भातून किंवा कोकणातून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाला या सहा फेऱ्या सहा महिन्यांएवढ्या वाटतात. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवतं, कोणी नातेवाइकाच्या दीड खोलीत पथारी टाकतं. नवरा पहिल्यांदाच कुकर लावायला शिकतो. दहावीतल्या मुलीला "आईला बरं नाही" एवढंच सांगितलेलं असतं आणि तिला सगळं माहीत असतं.

मग केस परत येतात, पाहुणे पेढे मागतात, आणि खरा कठीण काळ सुरू होतो. पसरलेल्या अवस्थेत सापडलेला हा रोग दहापैकी सात-आठ जणींत पुन्हा डोकं वर काढतो. पुन्हा केमो, पुन्हा काही महिने बरे. घराचं कॅलेंडर लग्न-मुंजींऐवजी सीएच्या तारखांवर चालू लागतं. "किती आला?" हा प्रश्न फोनवर मावशी विचारते, दीर विचारतो. आकडा १८ चा २६ झाला की घरात कोणी जेवत नाही, खरं तर ३५ पर्यंत तो सामान्यच मानतात. २०१० मध्ये एका मोठ्या चाचणीत या आकड्याचीच परीक्षा झाली. सीए वाढताच केमो सुरू केलेल्या स्त्रियांना, त्रास जाणवेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा ती जवळजवळ पाच महिने आधी मिळाली. आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच निघालं, आणि आधी सुरू केलेल्यांच्या वाट्याला औषधाचा त्रास अधिक काळ आला. तपासणी किती वेळा करायची ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. पण आकड्यापायी जेवण टाकायला मात्र विज्ञानाने सांगितलेलं नाही.

आता आत्या. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात हा रोग होण्याची शक्यता शंभरात एक-सव्वा. बीआरसीए-१ जनुकात दोष असेल तर ती चाळीसच्या आसपास जाते, बीआरसीए-२ मध्ये पंधरा-वीसच्या घरात. ही जनुकं डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. रुग्णांपैकी साधारण पाच-सहा जणींत एकीला असा वारसा सापडतो. तो सापडण्याचा फायदाही आहे: ओलापरिबसारखी गोळी दुरुस्तीची दुसरी वाट बंद करते, आणि पहिली आधीच मोडलेली असल्याने कर्करोगाची पेशी मरते.

हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही, प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. म्हणजे आईला निदान झालं की लेकीसमोर जनुक-तपासणीच्या अहवालाचा एक लिफाफा येतो. दोष निघाला तर मुलं झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीत नलिका आणि बीजांडकोश काढण्याचा सल्ला मिळतो. त्याने धोका खूप घटतो, पण पाळी एका रात्रीत जाते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. लग्न ठरायचं असलेल्या मुलीने हे कोणाला, कधी सांगायचं? तपासणीला आलेल्या बहिणींपैकी एकीला दोष निघतो, दुसरीला नाही, आणि सुटलेली बहीणच जास्त रडते, असंही होतं.

भाऊ तपासणीचं नाव काढतो तेव्हा घरात हसतात. "तुला कुठे बीजांडकोश आहे?" त्याला नाहीत. बीआरसीए-२ चा दोष असेल तर पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा), स्वादुपिंडाचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग त्याला होऊ शकतो. आणि त्याच्या मुलीला उद्या कोणी विचारेल, आत्या कशाने गेली होती?