शौचातून रक्त: मूळव्याध, की आणखी काही?

शौचावाटे रक्त गेले की बहुतेक जण ‘मूळव्याधच असेल’ असे परस्पर ठरवून मोकळे होतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु हाच अंदाज तपासणीविना महिनोन्महिने उराशी बाळगल्यामुळे मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग उशिरा सापडतो. मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही असे मुळीच नाही. हा उशीर अधिक खटकतो, कारण साध्या पॉलिपचा (आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या गाठीचा) कर्करोग व्हायला साधारणपणे १० वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

एवढा काळ का लागतो, याचे उत्तर आतड्याच्या अस्तरात आहे. या अस्तरात विहिरींसारख्या सूक्ष्म, खोल खाचा असतात आणि त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. प्रत्येक खाचेच्या तळाशी मोजक्या मूलपेशी विभाजित होत राहतात; त्यांतून निर्माण झालेल्या नव्या पेशी भिंतीवरून वर सरकतात, वाटेत विभाजन थांबवून पाणी शोषण्याच्या किंवा श्लेष्म स्रवण्याच्या कामाला लागतात आणि चार-पाच दिवसांत काठाशी येऊन गळून पडतात. मला या व्यवस्थेचे फार अप्रूप वाटते: वर सरकणाऱ्या पेशीच्या जनुकांत बिघाड झाला, तरी ती आठवड्याच्या आत शरीराबाहेर पडते. कर्करोगाला मूळ धरायचे, तर आधी ही गळती चुकवावी लागते.

तेथेच एपीसी या जनुकाचे महत्त्व कळते. खाचेच्या तळाशी असलेल्या पेशींना भोवतालच्या ऊतींकडून ‘विंट’ नावाचे रासायनिक संदेश मिळतात. त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकून राहते, केंद्रकात शिरते आणि विभाजनाची जनुके चालू करते. पेशी वर सरकली की संदेश क्षीण होतो. मग एपीसी प्रथिन आपल्या जोडीदार प्रथिनांसह बीटा-कॅटेनिनला धरून ठेवते, त्याच्यावर फॉस्फेटची खूण केली जाते आणि पेशी ते मोडीत काढते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या एपीसीच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, तर बीटा-कॅटेनिन साचत जाते आणि वर पोहोचलेली पेशीसुद्धा तळाशी असल्यासारखी विभागत राहते. पेशींची ही गर्दी पोकळीत फुगून येते, तोच अडेनोमा जातीचा पॉलिप. ज्यांना एक प्रत जन्मतःच सदोष मिळते, त्यांच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप उगवतात.

बहुतेक पॉलिप येथेच थांबतात. काहींत पुढे पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या केरास जनुकातील बदल वाढीला जोर देतो आणि पी-५३ हे राखणदार प्रथिन नाहीसे झाले की पेशी खालच्या थरांत घुसू लागतात. हा टप्प्याटप्प्याचा आराखडा फिअरॉन आणि फोगेलस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये मांडला. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मात्र डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच सदोष असल्यामुळे हा प्रवास पुष्कळ लवकर उरकतो. ‘आतड्यांत साठलेली विषे बाहेर काढा, कर्करोग टळेल’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या चूर्णांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्यांनी तुटलेले जनुक सांधले जात नाही. धूम्रपान, मद्यपान, स्थूलता आणि प्रक्रिया केलेले मांस यांमुळे मात्र धोका खरोखर वाढतो.

उजव्या बाजूचे आतडे रुंद असते आणि त्यातील मळ पातळ असतो, म्हणून तेथील गाठ अडथळा न करता थेंबथेंब रक्त गाळत राहते. लोहाच्या कमतरतेचा, कारण न सापडणारा रक्तक्षय हेच कधी कधी तिचे पहिले लक्षण असते. डाव्या बाजूला गाठ असेल, तर शौचाच्या सवयी बदलतात. डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी मलातील मानवी हिमोग्लोबिन प्रतिपिंडांच्या साह्याने ओळखते. ती सकारात्मक आली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, परंतु कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा लावलेल्या नळीने आतड्याची आतून तपासणी, टाळता येत नाही. रक्तातील सीईए या प्रथिनाची पातळी निदानासाठी पुरेशी नसते, ती उपचारांनंतरच्या पाठपुराव्यात उपयोगी पडते.

कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला, तर त्याच्या देठाभोवती तारेचा फास आवळून तो बहुधा त्याच बैठकीत काढला जातो आणि विकृतितज्ज्ञाकडे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी खाचा आडव्या कापलेल्या, एकसारख्या गोल कड्यांसारख्या दिसतात. अडेनोमात पेशींची केंद्रके लांबट, गडद आणि दाटीवाटीने उभी असतात. अस्तराखालचा स्नायूंचा पातळ पडदा ओलांडून या पेशी पलीकडे गेल्या आहेत का, हे तज्ज्ञ कडेकडेने तपासत जातो, आणि पॉलिप काढणे पुरेसे झाले की शस्त्रक्रिया करावी लागेल, हे मुख्यतः त्यावरून ठरते.