पाणी तोडल्यावर कळी का निघते?

सांगोल्याकडे डाळिंबाची बाग हिरवीगार असताना शेतकरी मुद्दाम तिचं पाणी तोडतो, म्हणजे तिला ताण देतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हा वेडेपणा वाटतो. हलक्या, मुरमाड रानात महिना-सव्वा महिन्यात पानं पिवळी पडायला लागतात. काळ्या भारी जमिनीत आणखी थांबावं लागतं. मग इथ्रेल या पानगळीच्या औषधाची फवारणी होते आणि काही दिवसांत झाडाखाली पानांचा सडा पडतो. नुसत्या काड्या उरलेल्या झाडाला खतं घालून पाणी सोडलं, की पालवीसोबत लालभडक कळी निघते. याला बहार धरणं म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, पावसाच्या तोंडावर मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त.

इराण-अफगाणिस्तानात हे काम थंडीच करते. हिवाळ्यात झाड पानं टाकतं आणि वसंतात फुलतं. सोलापूरला तसला हिवाळा कुठला? इथं पाणी मिळत राहिलं तर डाळिंब वर्षभर थोडं थोडं फुलत बसतं आणि एकही बहार धड हाती लागत नाही. म्हणून हिवाळा शेतकऱ्यालाच घडवून आणावा लागतो.

पण मग कळी कशानं आली? पाण्यानं म्हणावं, तर पाणी आधीही होतंच. शाळेच्या पुस्तकात 'उद्दीपन' आणि 'प्रतिसाद' असे दोन शब्द देऊन हा विषय अर्ध्या पानात संपवतात. त्यामागचा वाद मात्र दीडशे वर्षं चालला होता, आणि तो बराचसा बेडकांच्या तंगड्यांवर झाला.

१७५२ मध्ये गटिंगनच्या अल्ब्रेख्त फॉन हालर यांनी मांडलं, की स्नायूला टोचलं की आकसण्याचा गुण त्याच्या स्वतःच्या अंगातच असतो. १७९१ मध्ये बोलोन्याच्या गाल्वानींनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेनं आणि धातूच्या स्पर्शानं झटकतो, हे प्रसिद्ध केलं. वीज बेडकात की धातूत, यावर व्होल्टा त्यांच्याशी भांडले आणि त्या भांडणातूनच जगाला पहिली बॅटरी मिळाली. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो ते मोजलं. तो सेकंदाला २७ मीटरच्या आसपास भरला. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांना हा वेग कधी मोजताच येणार नाही असं वाटत होतं.

माझ्या मते खरी गाठ सुटली ती १८७६ मध्ये, आणि तीही एका छोट्या निबंधात. ऊर्जा अक्षय्य असते हे आधी सांगून गेलेले रॉबर्ट मायर यांनी त्यात एक जुनी अडचण हाती घेतली. कारण आणि परिणाम तोलामोलाचे असतात म्हणावं, तर एक ठिणगी दारूचं कोठार कसं उडवते? त्यांचं उत्तर असं, की कोठार उडवायची ताकद ठिणगीत नसतेच, ती आधीपासून कोठारात भरलेली असते. ठिणगी फक्त कडी काढते.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला बेडूकही नको आणि दारूही नको. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग खट्‌कन थांबतो. एवढं धूड थांबवायचं बळ त्या सुतात कुठून येणार? धागा तिथं नाही एवढंच एका लहानशा काट्याला कळतं; त्यानंतर पट्टा सोडवायचं काम मागाच्या स्वतःच्या गतीवरच होतं. झाडाचंही तसंच.

झाडांच्या बाबतीत १९०१ हे साल मोठं गमतीचं आहे. त्या मे महिन्यात जगदीशचंद्र बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पती, स्नायू आणि धातू यांचे विजेचे प्रतिसाद एकाशेजारी एक मांडून दाखवले. साध्या वनस्पती असा प्रतिसाद देत नाहीत, अशी हरकत बर्डन-सँडरसन यांनी घेतली. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमधली वीज १८७३ मध्ये मोजणारे तेच! वनस्पतींबद्दल बोस बरोबर ठरले. धातूंना सजीवांच्या पंगतीत बसवताना मात्र ते वाहवत गेले, असं मला वाटतं.

त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव्ह यांनी दुसरंच कोडं सोडवलं. प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं सरळ न वाढता आडवी का होतात? दोष निघाला दिव्यांच्या गॅसमधल्या इथिलीनचा. युरोपात गॅसच्या नळांना गळती लागली की रस्त्याकडेची झाडं अवेळी पानं टाकायची, त्यामागेही हाच वायू होता. १९३४ मध्ये गेन यांनी दाखवलं, की फळं स्वतःच इथिलीन सोडतात. म्हणजे हा झाडाचा घरचाच निरोप्या निघाला.

इथ्रेलच्या बाटलीत आहे तो हाच निरोप, द्रवरूपात. पानात शिरल्यावर तिथल्या कमी आम्ल रसात त्याचं विघटन होतं आणि इथिलीन सुटतं. मग देठाच्या बुडाशी असलेल्या पेशी आपल्या भिंती स्वतःच विरघळवतात आणि पान गळतं. औषध पान तोडत नाही. तोडायचं काम झाड करतं. पुढची कळीही झाड फुटवतं, काडीत साठवलेल्या अन्नावर.

म्हणूनच एकाच दिवशी, एकाच पंपानं फवारलेल्या दोन बागा सारख्या फुटत नाहीत. नीट ताण बसलेल्या, काडी पोसलेल्या बागेत कळी गच्च लागते. मागच्या बहारात फळं जास्त ठेवून दमवलेल्या बागेत पानं तेवढी गळतात आणि पुढं नुसता पाला येतो. फवारणीवाल्याला दोष देऊन काही उपयोग नसतो.

२००५ पासून सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शिफारशी वाचल्या, तरी ताण किती दिवस द्यायचा याचं उत्तर शेवटी जमिनीवर आणि झाडाच्या वयावर येऊन थांबतं. त्यात हस्त बहार म्हणजे निव्वळ जुगार. ताण द्यायचा तो ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि सोलापूरचा सगळ्यात जास्त पाऊस पडतो तोही सप्टेंबरातच.